पंधरा दिवसांचा डोळा

डोळा भागूचा, पण तो लाल झालाय हे गावाला आधी कळलं आणि तिला मागून. दुखलं असतं तर वेळेवर कळलं असतं. दुखलं नाही, खुपलं नाही, पाणीसुद्धा आलं नाही. सकाळची धुणीभांडी झाली, नवऱ्याचा, सावळाराम गुरुजींचा, डबा झाला, वीस वर्षांच्या सवयीनं आरशात न बघता वेणी झाली, आणि साडेनऊला ती अंगणवाडीच्या ओट्यावर चढली तेव्हा खिचडीचे तांदूळ निवडत बसलेल्या ठकूबाईनं वर पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. ठकूबाई अंगणवाडीची मदतनीस. बारा वर्षं दोघी एकाच खोलीत पोरं सांभाळत होत्या, आणि या बारा वर्षांत ठकूबाईच्या जिभेला हाड आहे असा संशय कुणाला आला नव्हता. त्या दिवशी मात्र भागूच्या हातातली पाण्याची कळशी तिनं काढून घेतली आणि एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, मी भरती." भागूला वाटलं, हिला आज लवकर घरी जायचं असेल. मग पोरं गोल बसली, प्रार्थना झाली, आणि चार वर्षांची अक्षदा तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. तिनं तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि सांगितलं, "बाई, तुमच्या डोळ्यात कुकू सांडलंय."

पोरांना केस विंचरायला शिकवायचं म्हणून भिंतीवर एक आरसा होता, पोरांच्या उंचीवर. भागू त्याच्यापुढे उकिडवी बसली. उजव्या डोळ्यातलं बाहेरच्या अंगाचं सगळं पांढरं गेलं होतं. तिथे रक्त होतं. लाली नाही, डोळे येतात तशी जाळी नाही, सरळ रक्त, वाटीत ओतल्यासारखं, बुबुळाच्या काठापाशी येऊन थांबलेलं. एक क्षणभर तिला वाटलं, संपलं, डोक्यातली शीर फुटली, आपण आत्ता इथंच पोरांसमोर पडणार. मग दुसऱ्या क्षणी तिला आठवलं की हे आपल्याला माहीत आहे, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. हे तर ती शंभर बायांना समजावून सांगत आली होती.

तिचा धंदाच तो होता. सरकार तिला मानधन देत होतं ते सुकडी वाटायला आणि वजनं घ्यायला, पण गाव तिच्याकडे यायचं ते घाबरून. सव्वा महिना न झालेल्या बाळाच्या छातीत गाठ लागते, दाबलं की दूध येतं, आता काय करू? काही नाही, दाबू नका, जातं आपोआप. मुलीच्या लंगोटाला रक्ताचा ठिपका दिसला. काही नाही, आईच्या अंगातलं असतं ते, चार दिवसांत थांबतं. लोहाची गोळी सुरू केली आणि परसाकडे काळं झालं. गोळीचाच रंग तो, बंद करू नका. एकदा एका सासूनं बाळाच्या ढुंगणावरचा निळा डाग दाखवून सुनेच्या माहेरच्यांवर आळ घेतला होता, पोर पाडलं म्हणून. भागू दुपारच्या उन्हात त्या वस्तीवर गेली आणि सासूच्याच दुसऱ्या नातवाला उताणं पालथं करून त्याच्या पाठीवरचा तसलाच पुसट डाग तिनं दाखवला, तेव्हा कुठे सुनेला पोटभर भाकरी मिळाली. आणि बाळंतपणात जोर लागला की बाळाच्या डोळ्यात असंच रक्त येतं. आया हंबरडा फोडतात. भागू त्यांना सांगायची, पंधरा दिवस. बारीक शीर फुटते, काचेआड शाई सांडावी तसं दिसतं, आत काही नसतं. औषध नाही, पाणी नाही, पंधरा दिवसांत जातं. तिचं कधी चुकलं नव्हतं. आताही तिनं आरशातल्या बाईला सांगितलं, पंधरा दिवस, आणि उठून खिचडीत मीठ टाकायला गेली.

पण गावाला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी घरी जाताना वाटेत एका दारातून तिला हाक आली आणि वाटीभर कालवण पदराखाली दिलं गेलं, आज सण ना वार. गिरणीत तिचं दळण आधी घेतलं. पाण्याच्या टाकीपाशी एक बाई, जिच्याशी तिचं बोलणं फक्त लसीकरणापुरतं होतं, ती जवळ येऊन तिच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "गुरुजी तसं वाईट न्हाईत गं. तंटामुक्तीचा लई ताप झालाय त्यांना. माणूस मंग कुठंतरी काढतोच." भागू हो हो म्हणत दहा पावलं चालली, आणि मग ते बोलणं मागून येऊन तिला गाठावं तसं तिला कळलं. कळशी हातातून का काढून घेतली ते कळलं, कालवणाची वाटी कळली. ती रस्त्यात उभी राहिली. तिला आधी हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. वाटी तिथंच गटारात उपडी करावी असं तिला वाटलं. पंधरा वर्षं, अरे, पंधरा वर्षं उशिरा आलात. वरात जाऊन जेवणावळी उठल्या, आणि आता तुमचं घोडं आलं.

त्र्याण्णव साली, किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवाळीत, घरी पाहुणे बसले होते. हायस्कुलातले गुरुजी म्हणून सावळारामला चारचौघांत माहिती सांगायची हौस होती, आणि तो सांगत होता की घट बसले त्या रात्री भूकंप झाला. भागू चहा घेऊन आली आणि बोलून गेली, "घट न्हाई, गणपती बुडवले त्या रात्री." एवढंच. पाहुण्यांपैकी एकजण हसला, "गुरुजी, बाईंचं पाठांतर तुमच्यापेक्षा पक्कं दिसतंय." सावळारामही हसला. त्यानं पाहुण्यांना फाट्यापर्यंत पोचवलं, परत आला, चपला जागेवर नीट काढल्या, आणि आत येऊन तिच्या डाव्या कानावर उघड्या पंजानं एक दिली. एकच. कानात काहीतरी फाटलं, फडक्यासारखं. मग तिला त्या बाजूचं ऐकू येईना, सहाव्या दिवशी उशीला पू लागला, आणि तो सुकल्यावर कानात जो आवाज बसला तो अजून बसलेला आहे. शेतातल्या विजेच्या डीपीखाली उभं राहिलं की ऐकू येतो तसा, रात्रंदिवस, बारीक. माणसांचे आवाज त्या कानाला पुढं फारसे आलेच नाहीत. लोकांना तिनं सांगितलं, न्हाताना पाणी गेलं. लोकांनी ऐकलं आणि लसणाचं तेल सुचवलं. घोटाळा असा की कान झाकलेला असतो. केसाआड असतो, पदराआड असतो, आणि त्याच्या आत काय फाटलं ते दाखवायला कान उलटा करता येत नाही.

तेव्हा ती माहेरी गेली होती, बोरी बुद्रुकला, पाच वर्षांच्या लेकीला, तेजस्विनीला, काखेत घेऊन. आईनं, चिमाबाईनं, कानात तेल घातलं, वर कापूस घातला, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भागूनं सगळं सांगितलं. चिमाबाई ऐकत होती, केसांतून हात फिरवत होती, आणि शेवटी म्हणाली, "काई न्हाई बाळा. पुरुषाचा राग दुधावानी असतुया. उतू जातो न् बसतो. वय झालं की जातं आपोआप." चौथ्या दिवशी तिनं लेकीची ओटी भरली आणि एसटीत बसवून दिली. भागूला पुढे कितीतरी वेळा, एखाद्या रडणाऱ्या बाळंतिणीला 'काही नाही, जातं आपोआप' म्हणताना, तोंडातून आईचा आवाज आल्यासारखा वाटायचा, आणि त्या बाईचं बाळ खरंच बरं आहे याची ती दोनदा खात्री करून घ्यायची.

आणि म्हातारीचं खरं झालं, हाच तर खरा कडूपणा होता. गेलं. त्या कानानंतर सहा वर्षं त्याचा हात चालला, नेहमी पाठीवर, दंडाच्या वर, पोलक्याखाली झाकेल एवढंच, अगदी मोजूनमापून. हा रागात भान हरपणारा माणूस नव्हता, हे भागूला फार लवकर कळलं होतं. मग नव्व्याण्णवमध्ये एकदा सहावीतली तेजस्विनी दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती बघत राहिली, परीक्षेत गुरुजी बघतात तशी. त्यानंतर त्यानं हात उचलला नाही. नऊ वर्षं झाली. माफी नाही, बोलणं नाही, विषयच नाही. लेक आता अवसरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि बाप तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष झाला होता. गावातली बांधाची भांडणं, भावकीची भांडणं, सासवासुनांची भांडणं तो मिटवायचा, आणि चांगली मिटवायचा, हेही खोटं नव्हतं. त्याचा आवाज मृदू होता. दोन्ही बाजूंना समोर बसवायचं, चहा पाजायचा, आणि शेवटी दोघांनी चारचौघांत उभं राहून 'आमची काही तक्रार नाही' एवढं म्हणायचं, अशी त्याची रीत होती. ते वाक्य म्हटल्याशिवाय तो कुणाला उठू द्यायचा नाही. सतरा दिवसांनी तालुक्याची माणसं गावाची तपासणी करायला येणार होती, आणि नेमका आज, ज्याला कुणी हात लावला नाही तो डोळा, आपला आपण फुटला होता.

संध्याकाळी सावळाराम घरी आला तो कुशाबाकडून ऐकूनच. कुशाबा समितीतला सगळ्यांत वयस्क माणूस, आणि त्यानं म्हणे गुरुजींना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "चालतंय हो. कुणाच्या घरी व्हत न्हाई? पर तपासणीपातुर तरी दमानं." सावळारामचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं आधी विचारलं, "तू कुणाला काय बोललीस?" मग तिच्या हनुवटीला धरून तोंड दिव्याकडे वळवलं, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या डोळ्यात पाहिलं. मग म्हणाला, "दुखतंय का?" या क्रमानं. भागूनं ते मनात टिपून ठेवलं.

"न्हाई दुखत. शीर फुटलीय बारीक. पंधरा दिवसांत जातं."

"अगं, पण मी हात लावला का तुला? लावला का? सांग ना."

"न्हाई."

"मग हे काय चाललंय गावात? चोर सोडून संन्याशाला फाशी?" तो खाटेवर बसला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. भागू त्याच्याकडे बघत राहिली. तो नाटक करत नव्हता. एखाद्याला खोट्या आळाचं जेवढं दुःख होतं तेवढं त्याला होत होतं, आणि त्या दुःखात कुठेही, अगदी कोपऱ्यातसुद्धा, त्र्याण्णवची दिवाळी नव्हती. तो विसरला होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो लाजेनं बोलत नाही. आज तिला दिसलं की बोलायला त्याच्याकडे काही शिल्लकच नव्हतं. एवढं सगळं तिनं एकटीनं सांभाळून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि मोटरसायकलवरून तिला जुन्नरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली, रक्तदाब पाहिला, आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, काही नाही. शिंक, खोकला, झोपेत चोळलं, कधीकधी तर काहीच कारण नसतं. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. पंधरा दिवस. भागूला तिचंच वाक्य पँट-शर्टात बसल्यासारखं वाटलं. सावळाराम म्हणाला, "साहेब, हे जरा लिहून द्या. इजा नाही म्हणून." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि चिठ्ठी लिहिली. भागूच्या मनात नव्हतं, तरी ती तेवढ्यात बोलली, "डॉक्टर, माझ्या डाव्या कानात आवाज येतो सारखा. ऐकूपण कमी येतं." डॉक्टर लिहितच होते. "कानात आवाज पुष्कळांना येतो हो. बहुतेक वेळा काही नसतं. कानवाल्यांना दाखवा एकदा." सावळाराम खिशात चिठ्ठी नीट घडी करून ठेवत होता. बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता त्यानं विचारलं, "कानाचं कधीपासून?"

"त्र्याण्णवपासून."

"मग इतके दिवस सांगायचं नाही का?" तो म्हणाला, आणि गाडी सुरू झाली. मागच्या सीटवर बसलेली भागू शिवनेरीकडे बघत हसायला लागली. तिला ते हसणं आवरेना, आणि गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

गाडी बाजारपेठेत मेहबूबभाईच्या चष्म्याच्या दुकानापाशी थांबली. काळा चष्मा घ्यायचा, तपासणी होईपर्यंत घालायचा, असं सावळारामनं ठरवलं होतं. तो बाहेर कुणाशी तरी बोलत राहिला. मेहबूबभाईनं भागूकडे एकदा पाहिलं, समोर मांडलेल्या चष्म्यांना हात लावला नाही, आणि खालच्या खणातून एक मोठ्या काड्यांचा काढून तिच्यापुढे ठेवला. "हा घ्या ताई. कडंनंपण काही दिसत नाही." त्याच्या आवाजात चौकशी नव्हती. त्या खणात तसलेच अजून पाचसहा होते. भागूनं विचारलं, "हे लई खपतात का?" मेहबूबभाई काच पुसत म्हणाला, "खपतात. लग्नसराईनंतर थोडे जास्त." तिला त्याला सांगावंसं वाटलं की भाऊ, माझं तसलं नाही, हे आपोआप झालंय. पण ते सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिला जाणवलं की हे वाक्य त्यानं प्रत्येकीकडून ऐकलं असणार, शब्द न् शब्द. तिनं चष्मा घातला आणि बाहेर आली. रस्ता, माणसं, नवरा, सगळं सावलीत गेल्यासारखं गार दिसायला लागलं.

चष्म्यानं व्हायचं तेच झालं. ज्यांना शंका होती त्यांची खात्री झाली. झाकली मूठ म्हणतात, पण झाकलेला डोळा म्हणजे उघडी मूठच. डॉक्टरांची चिठ्ठी सावळारामनं चार जणांना वाचून दाखवली, तर चौघांनी मान डोलावली आणि त्यातल्या दोघांनी पाठ फिरल्यावर म्हटलं, गुरुजी हुशार, कागद करून ठेवला. आठव्या दिवशी कुशाबा घरी आला आणि चहा बशीत ओतता ओतता त्यानं एक तोड काढली. "गुरुजी, मी म्हंतो, ह्यो तंटा नोंदवूनच टाकू की. घरगुती म्हणून. न् मिटवला म्हणून खाली सह्या. अध्यक्षानं सोताच्या घरापासून सुरवात केली म्हणजे फायलीला वजन येतं. भागूताई एक वाक्य बोलतील, तुमी एक हार घाला, झालं." सावळाराम ताडकन उठला. "पण तंटा झालाच नाही तर मिटवायचा कुठला? मी काही केलेलंच नाही, कुशाबा." कुशाबा शांतपणे फुंकर मारत म्हणाला, "आमी कुठं म्हंतो केलं? आमी मिटलं म्हंतोय." मग बराच वेळ दोघं भांडले, आणि भागू आतून ऐकत होती. गावाला तिच्या घरातला तंटा अखेर दिसला होता, आणि तो मिटवायची सगळ्यांना घाई झाली होती. शेवटी सावळारामनं आपलं म्हणणं खरं केलं. तंटा नोंदवायचा नाही. तपासणीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, भागूनंच उभं राहून सांगायचं की मला मारलं नाही. त्यानं आत येऊन तिला विचारलंही. "बोलशील ना? खरं तेच बोलायचंय. खोटं एक अक्षर नको." तो इतक्या विश्वासानं बघत होता की भागूच्या तोंडून हो गेलं.

उरलेले दिवस ती दुहेरी जगली. खरं तेच बोलायचं होतं, मग अडत काय होतं? तिनं स्वतःला अनेक वेळा बजावलं की हा माणूस या वेळी निर्दोष आहे, आणि निर्दोषाच्या बाजूनं उभं राहणं हे कुणाचंही कर्तव्य आहे, मग तो कालचा कोणी का असेना. पण ती 'मारलं नाही' म्हणाली की गाव सुटकेचा श्वास टाकेल आणि ते वाक्य मागेही लागू होईल, पार त्र्याण्णवपर्यंत. या एका खऱ्याखाली सगळं खरं गाडलं जाईल, तिच्याच हातानं. आणि 'मारलं' म्हणाली तर ते खोटं होईल, आणि तिला खोट्याची फार किळस होती. भूकंपाची रात्र चुकीची सांगितली तर तिला राहवलं नव्हतं, तिथं हे काय. रोज सकाळी ती पोरांच्या आरशापुढे उकिडवी बसायची. रक्त पसरलं, मग जांभळट झालं, मग कडेनं पिवळं पडत गेलं, जखम सुकते तसं. आपण बरे होतोय याचं तिला वाईट वाटायचं. जसजसा डोळा पांढरा होत गेला तसतशी गिरणीतली रांग पुन्हा लागली, कळशी तिची तिला उचलावी लागली, आणि ठकूबाईची जीभ पूर्ववत सैल झाली. पंधराव्या दिवशी सकाळी त्या जागी काही नव्हतं. धुतल्यासारखा स्वच्छ डोळा. तिनं पापणी ओढून आत पाहिलं, कुठे एखादा धागा राहिलाय का म्हणून. नव्हता. ती तिथंच, पोरं यायच्या आधी, गुडघ्यात डोकं घालून पोटभर रडली. ठकूबाई दारात येऊन थबकली आणि म्हणाली, "बाई, गेलं की वो सगळं. आता का रडताय?"

तपासणीच्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे मांडव घातला होता. साहेब लोक खुर्च्यांवर, पुरुष सतरंजीवर, बाया एका अंगाला. सावळाराम चांगलं बोलला. किती तंटे आले, किती मिटले, कोण भाऊ कुणाच्या ताटात जेवला. मग तो साहेबाकडे वळला. "साहेब, मागं पंधरा दिवस या गावात माझ्याबद्दल एक अफवा आहे. दुसऱ्यांचे तंटे मिटवणाऱ्यानं आधी आपलं दार उघडं ठेवावं. माझी पत्नी इथंच आहे. तिलाच विचारा." साहेब अवघडला. "गुरुजी, अहो, याची गरज नाही." सावळाराम म्हणाला, "नाही साहेब, होऊ द्या." कुशाबा लिहायची वही मांडीवर घेऊन बायांकडे वळला. "बोला भागूताई. कुणाचं दडपण न्हाई. गुरुजींनी मारलं का तुमाला?"

भागू उठली. चष्मा तिनं घरीच ठेवला होता. सगळं गाव तिच्या डोळ्याकडे बघत होतं आणि डोळ्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मांडवात एवढी शांतता पडली की डाव्या कानातला आवाज तिला मोठा ऐकू यायला लागला. तो सगळ्यांना ऐकू जात असेल असं तिला क्षणभर वाटलं. तिला आईची मांडी आठवली. फाट्यावरून परत येऊन नीट जागेवर काढून ठेवलेल्या चपला आठवल्या. तिनं पदर सारखा केला, आणि नाव, वजन, वय सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

"डोळ्याला न्हाई मारलं."

आणि बसली. कुशाबानं मान हलवत वहीत लिहिलं, मारहाण नाही. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. साहेबानं सुटल्यासारखा रुमाल काढून कपाळ पुसलं. बायांत एक ठकूबाई तेवढी टाळी वाजवायची थांबली होती, आणि भागूच्या तोंडाकडे बघत होती. समोर सावळारामही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. एक, दोन, तीन वाजवल्या, चौथीला त्याचे हात जवळ येऊन थांबले. तो त्या हातांकडे पाहत राहिला.

मांडव मोडला, पेढे वाटून झाले. ती घराकडे निघाली. दोघांनी बरोबर चालायची वेळ आली की भागू नेहमी त्याच्या डाव्या अंगानं चालायची, म्हणजे तो तिच्या उजव्या कानाकडे यायचा. त्याचं एकही बोलणं चुकू नये म्हणून पंधरा वर्षं तिनं ही बाजू सांभाळली होती आणि त्याला कधी कळलं नव्हतं. आज तो मागून भरभर आला आणि दुसऱ्या बाजूनं, डावीकडून, तिच्या बरोबर चालायला लागला. तो काहीतरी बोलला. ओठ हलल्याची, श्वास लागल्याची तेवढी जाणीव झाली. मग थांबला, आणि पुन्हा बोलला, या वेळी बराच वेळ, मधे अडत. त्या कानात फक्त डीपीचा आवाज होता. शिव्या असतील. किंवा जे ऐकायला ती पंधरा वर्षं वाट बघत होती तेही असेल. कुणी त्या बाजूनं बोललं की मान वळवून दुसरा कान पुढे करायची तिला सवय होती, इतकी की झोपेतही तिची मान वळायची.

घर येईपर्यंत तो बोलत राहिला. तिनं मान वळवली नाही.